दाराबाहेर बसलेल्यांचा तह

१८ ऑगस्ट २००३ रोजी घानाची राजधानी आक्रा येथे लायबेरियाच्या शांतता करारावर सह्या झाल्या. लायबेरिया सरकारने सही केली, ‘लर्ड’ आणि ‘मॉडेल’ या दोन बंडखोर संघटनांनी केली, राजकीय पक्षांनी केली. साक्षीदारांमध्ये मानो नदीच्या खोऱ्यातील तीन देशांतल्या स्त्रियांच्या एका शांतता संघटनेचीही सही आहे. पण ज्या बायकांनी महिनाभर आधी वाटाघाटींच्या सभागृहाचे दार अडवून आतल्या पुरुषांना बाहेर पडू दिले नव्हते, त्यांच्या चळवळीचे नाव करारातल्या पक्षकारांत नाही. त्यांना आमंत्रणच नव्हते.

हे पुस्तक त्या बायकांविषयी आहे. त्यांच्या धैर्याची हकिगत पुढील प्रकरणांत सविस्तर येईल. प्रस्तावनेत एकच मुद्दा मांडायचा आहे. युद्धानंतरच्या कामकाजात ‘स्त्रियांचा सहभाग’ आणि ‘स्त्रियांचे संरक्षण’ असे दोन वेगळे रकाने असतात. पहिला शोभेचा मानला जातो, दुसरा दयेचा. सहभागासाठी एखाददुसरी खुर्ची मांडली जाते. संरक्षणासाठी छावणी, दवाखाना, पोलीस असा खर्च मंजूर होतो. लायबेरियाच्या अनुभवात हे दोन रकाने टिकत नाहीत. ज्या निर्णयात बायका होत्या तिथे त्यांच्या संरक्षणाची काही सोय झाली. ज्या निर्णयातून त्या वगळल्या गेल्या तिथे संरक्षण बहुधा कागदावरच राहिले.

मराठी वाचकाला लायबेरियाची ओळख थोडी करून द्यायला हवी. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा हा लहान देश. अमेरिकेतून आणून वसवलेल्या मुक्त कृष्णवर्णीयांनी १८४७ साली त्याचे प्रजासत्ताक जाहीर केले आणि पुढची सव्वाशेहून अधिक वर्षे या वसाहतकऱ्यांच्या वंशजांनीच स्थानिक जमातींवर राज्य केले. १९८० मध्ये सॅम्युअल डो या सार्जंटने बंड करून सत्ता घेतली. २४ डिसेंबर १९८९ रोजी चार्ल्स टेलरचे बंडखोर आयव्हरी कोस्टच्या बाजूने निंबा प्रांतात शिरले आणि युद्धाला तोंड फुटले. जुलै १९९० मध्ये राजधानी मन्रोव्हियातील सेंट पीटर्स ल्युथरन चर्चमध्ये आश्रयाला आलेल्या सुमारे सहाशे लोकांना सरकारी सैनिकांनी एका रात्रीत मारले. १९९७ मध्ये निवडणूक झाली, टेलर अध्यक्ष झाला, आणि दोन वर्षांत दुसरे युद्ध पेटले. जेमतेम तीस लाख वस्तीच्या या देशात दोन्ही युद्धांत मिळून अडीच लाखांच्या आसपास माणसे गेली, असे मानले जाते. बंदुका हिऱ्यांच्या आणि लाकडाच्या पैशांतून येत. त्या चालवणाऱ्या हातांत दहा-बारा वर्षांच्या मुलांचेही हात होते.

२००३ सालच्या आंदोलनाची गोष्ट सांगताना ते अचानक उगवले असे चित्र रंगवले जाते. तसे नव्हते. १९९४ मध्येच मेरी ब्राउनेल या शिक्षिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी ‘लायबेरियन विमेन्स इनिशिएटिव्ह’ स्थापन केली होती. आधी शस्त्रे खाली, मग निवडणूक, ही तिची मागणी. शांतता परिषदा भरत त्या शहरांत या बायका न बोलावता जाऊन उभ्या राहत. १९९६ मध्ये रूथ पेरी हंगामी राज्यमंडळाच्या प्रमुख झाल्या. एक स्त्री राष्ट्रप्रमुखपदी बसली. परंतु मंडळात सोबतीला टोळीप्रमुख होते आणि बंदुका त्यांच्याकडे होत्या. पुढच्या वर्षीची निवडणूक टेलरने जिंकली. खुर्ची मिळाली म्हणजे अधिकार मिळाला असे नसते, हा धडा लायबेरियातील बायका इतका आधी शिकल्या होत्या.

२००३ च्या एप्रिलमध्ये मन्रोव्हियाच्या मासळी बाजाराजवळच्या मैदानात पांढरे टी-शर्ट आणि पांढरे डोईरुमाल घातलेल्या बायका रोज येऊन बसू लागल्या. टेलरच्या मोटारींचा ताफा याच रस्त्याने जात असे. त्यांचे नेतृत्व करणारी लेमा बोवी तेव्हा नुकतीच तिशी ओलांडलेली होती, लेकुरवाळी होती, आणि ल्युथरन चर्चच्या कामात युद्धात होरपळलेल्यांना, त्यांत सैनिक बनवल्या गेलेल्या मुलांनाही, मानसिक आधार देत होती. चर्चमधल्या बायकांबरोबर मशिदीतल्या बायका आल्या, त्या असातू बाह केनेथ या मुस्लिम पोलीस अधिकारी स्त्रीमुळे. बाजारात मासळी आणि कसावा विकणाऱ्या आल्या, निर्वासित छावण्यांतल्या आल्या. मागण्या तीनच होत्या: बिनशर्त शस्त्रसंधी करा, बोलणी करा, आणि मध्ये उभी राहील अशी फौज आणा. कोण राज्य करणार, कोणाला कोणते पद मिळणार, याबद्दल त्यांनी मुद्दाम मौन पाळले. त्यामुळेच त्या कोणत्याही गटाच्या ठरल्या नाहीत. मात्र पदे वाटायची वेळ आली तेव्हा त्यांचे कोणी ऐकले नाही, याचे एक कारणही हेच मौन होते.

याच काळात त्यांनी पुकारलेल्या शय्यासोबतीच्या संपाची बातमी जगभर गेली. प्रत्यक्षात त्याचा परिणाम फारसा झाला नाही; वृत्तपत्रांचे लक्ष वेधण्यापुरता तो उपयोगी पडला, असे बोवीनेच पुढे सांगितले आहे. तरीही परदेशी वाचकांच्या लक्षात तो संपच राहिला. उन्हापावसात महिनोन्‌महिने बसणे, पाण्याची, जेवणाची, मुलांची व्यवस्था लावणे, दोन धर्मांच्या बायकांमधला संशय दूर करणे, या कामाची बातमी होत नाही. हे पुस्तक त्या कामाकडे अधिक पाहते.

२३ एप्रिलला टेलरने त्यांना भेटीला बोलावले आणि बोलणी करण्याचे मान्य केले. ४ जूनला घानात वाटाघाटी सुरू झाल्या. त्याच दिवशी सिएरा लिओनमधील युद्धगुन्ह्यांसाठीच्या विशेष न्यायालयाने टेलरवरचे आरोपपत्र खुले केले आणि तो घाईने मायदेशी परतला. बोलणी मात्र आठवड्यांमागून आठवडे लांबत गेली. बंडखोरांचे प्रतिनिधी चांगल्या हॉटेलांत उतरले होते, आणि मन्रोव्हियात तोफगोळे पडत होते. २१ जुलैला राजधानीतल्या बातम्या आल्यावर बोवी आणि सुमारे दोनशे बायका सभागृहाच्या दारात हातात हात अडकवून बसल्या. तोडगा निघेपर्यंत कोणी बाहेर जायचे नाही. सुरक्षारक्षक तिला अटक करायला आले तेव्हा तिने अंगावरची वस्त्रे उतरवायला सुरुवात केली. त्या मुलुखात आईच्या वयाच्या बाईने असे जाहीरपणे विवस्त्र होणे हा पाहणाऱ्यावर शाप मानला जातो. रक्षक मागे हटले. मध्यस्थ, नायजेरियाचे माजी लष्करशहा जनरल अब्दुलसलामी अबूबकर, यांनी बायकांशी बोलणे केले, आणि त्यानंतर बोलण्यांना गांभीर्य आले. ११ ऑगस्टला टेलरने पद सोडून नायजेरियाचा रस्ता धरला. आठवडाभरात करार झाला. युद्ध संपण्यामागे बंडखोरांचा राजधानीला पडलेला वेढा, शेजारी देशांचा आणि अमेरिकेचा दबाव, टेलरवरचे आरोपपत्र अशी अनेक कारणे होती. बायकांचा ठिय्या त्यांतले एक कारण होता. एकमेव नव्हता, म्हणून किरकोळही ठरत नाही.

बायका मैदानात बसल्या तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा १३२५ क्रमांकाचा ठराव अडीच वर्षांचा झाला होता. ३१ ऑक्टोबर २००० रोजी, नामिबिया अध्यक्षपदी असताना, तो एकमताने संमत झाला. युद्ध टाळणे, थांबवणे आणि त्यानंतर देश उभा करणे या सगळ्यांत स्त्रियांना निर्णयाचा वाटा द्या, आणि बलात्कारासारख्या अत्याचारांपासून त्यांचे रक्षण करा, असे हा ठराव सांगतो. सहभाग आणि संरक्षण त्यात शेजारी शेजारी आहेत. पुढे २००८ मध्ये १८२० क्रमांकाच्या ठरावाने युद्धातील लैंगिक हिंसा हा आंतरराष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न मानला. व्यवहार मात्र संथ राहिला. १९९२ ते २०११ या काळातील ३१ मोठ्या शांतताप्रक्रिया संयुक्त राष्ट्रांनी तपासल्या, तेव्हा करारांवर सह्या करणाऱ्यांत स्त्रिया ४ टक्के आणि वाटाघाटी करणाऱ्यांत ९ टक्के आढळल्या.

असे का होते? मध्यस्थांचा हिशेब साधा असतो. ज्याच्याकडे बंदूक आहे त्यालाच ती खाली ठेवता येते. म्हणून बोलावायचे ते त्याला. या न्यायाने बंदूक हीच आमंत्रणपत्रिका होते. आक्र्यात तेच घडले. हंगामी सरकारातली मंत्रिपदे टेलरचे जुने सरकार आणि दोन बंडखोर संघटना यांच्यात प्रत्येकी पाच अशी वाटली गेली. उरलेली पक्ष आणि नागरी संस्थांना मिळाली. नेमणुकांत स्त्री-पुरुष समतोल राखावा असे एक कलम करारात आहे, पण तो राखला नाही तर काय, याबद्दल काही नाही. ज्यांच्या माणसांनी गावे जाळली त्यांच्यावर खटला चालवण्याची तरतूदही नाही. सत्यशोधन आयोगावर भागवण्यात आले. सह्या होण्याच्या दोन-तीन दिवस आधी लायबेरियाच्या स्त्री-संघटनांनी आक्र्यातल्या एका हॉटेलात जमून हंगामी सरकारच्या सर्व संस्थांत स्त्रिया हव्यात असे निवेदन काढले. तोवर खाती वाटून झाली होती.

बायकांना असे वगळल्याचा परिणाम निःशस्त्रीकरणात लगेच दिसला. ७ डिसेंबर २००३ रोजी मन्रोव्हियाबाहेरच्या शिफेलिन छावणीत शस्त्रे जमा करून घ्यायला सुरुवात झाली. पैसे मिळणार हे कळताच अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक लढवय्ये आले, व्यवस्था कोसळली, राजधानीत दंगल उसळून माणसे मेली, आणि काम थांबवावे लागले. गावोगावच्या लढवय्यांना ओळखणाऱ्या, त्यांच्या आयांना ओळखणाऱ्या बायकांनी मदत करण्याची तयारी आधीच दाखवली होती. ती तज्ज्ञांनी मनावर घेतली नव्हती. दंगलीनंतर त्यांना विचारले गेले. त्या छावण्यांत गेल्या, मुलांना समजावले. एप्रिल २००४ मध्ये काम पुन्हा सुरू झाले.

या कामाचा आराखडा सुमारे ३८,००० लढवय्ये धरून केला होता. प्रत्यक्षात १,०३,००० जणांची नोंद झाली. त्यांत सुमारे २२,००० स्त्रिया होत्या. गोळा झालेल्या बंदुका होत्या सुमारे २८,०००. या आकड्यांमधली तफावत बोलकी आहे. पुरुषाला नोंदणीसाठी शस्त्र किंवा दीडशे काडतुसे दाखवावी लागत. फौजेबरोबर राहिलेल्या बायकांना व मुलांना शस्त्राशिवाय यायची मुभा ठेवली होती, कारण त्यांतल्या अनेकींना पळवून नेऊन स्वयंपाक, दारूगोळ्याची हमाली आणि कमांडरची ‘बायको’ होणे या कामांना जुंपले होते. मुभा होती, पण ती सगळ्यांपर्यंत पोचली नाही. ज्या बाईने खरोखर बंदूक चालवली तिची बंदूक कमांडरने काढून आपल्या नातलगाच्या हाती दिली, अशा तक्रारी नोंदल्या गेल्या. अनेकजणी छायाचित्राच्या आणि ओळखपत्राच्या भीतीने आल्याच नाहीत. गावात परतल्यावर ‘बंडखोराची बाई’ हा शिक्का लागला तर नवरा कोण करणार, मूल कोणाचे म्हणणार? दोन हप्त्यांत मिळणाऱ्या तीनशे डॉलरांपेक्षा ती चिंता मोठी होती. ज्या कलमांनी त्यांचे आयुष्य ठरणार होते ती लिहिताना हा प्रश्न विचारणारे कोणी जवळ नव्हते.

याच्या अगदी उलट उदाहरण २००५ च्या निवडणुकीचे. मतदार नोंदणी सुरू झाली तेव्हा बायका कमी येत होत्या. कारण उदासीनता नव्हते. बाजारातली विक्रेती गाळा सोडून रांगेत उभी राहिली तर त्या दिवसाची कमाई बुडते, आणि कडेवर मूल असते. आंदोलनातल्या बायका बाजारात गेल्या, कोणाचा गाळा सांभाळला, कोणाचे मूल धरले, आणि रांगेत पाठवले. नोंदणी संपली तेव्हा मतदारांत निम्म्या स्त्रिया होत्या. नोव्हेंबरमध्ये एलन जॉन्सन सर्लीफ यांनी फुटबॉलपटू जॉर्ज विआ यांना हरवले. १६ जानेवारी २००६ रोजी त्यांनी शपथ घेतली. निवडणुकीने आलेल्या आफ्रिकेतल्या त्या पहिल्या स्त्री राष्ट्राध्यक्ष. त्याच सुमारास लायबेरियातील स्त्री वकिलांच्या संघटनेने लावून धरलेला बलात्काराविषयीचा कडक कायदा अमलात आला. २००८ मध्ये अशा गुन्ह्यांसाठी वेगळे न्यायालय स्थापण्याचा कायदा झाला. न्यायालय राजधानीत, खटल्यांचा ढीग मोठा, साक्षीला खेड्यातून यायला रस्ता नाही आणि गाडीभाडे नाही, या अडचणी राहिल्याच. पण तक्रार कुठे करायची, याला निदान एक पत्ता मिळाला.

रक्षण करायला आलेल्यांकडेही पाहावे लागते. २००६ मध्ये ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या संस्थेने लायबेरियातील छावण्यांविषयी दिलेल्या अहवालात, धान्याच्या बदल्यात कोवळ्या मुलींचा उपभोग घेणाऱ्यांत मदतकार्यातील कर्मचारी आणि शांतिसैनिकही असल्याचे नोंदले आहे. त्यानंतरच्या वर्षी, जानेवारी २००७ मध्ये, भारताच्या केंद्रीय राखीव पोलीस दलातील शंभराहून अधिक स्त्रियांचे पथक मन्रोव्हियात उतरले. संपूर्ण स्त्रियांचे असे पोलीस पथक संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासात पहिलेच. तुकड्या बदलत २०१६ पर्यंत ते तिथे होते. राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाची राखण आणि रात्रीची गस्त ही त्यांची मुख्य कामे. गणवेशातल्या बाईला पाहून लायबेरियाच्या मुली पोलिसात भरती होऊ लागल्या, असे सर्लीफ यांच्यासह अनेकांनी सांगितले आहे. या पथकाचे कौतुक आपल्याकडे झाले. त्याच भारताने १३२५ क्रमांकाच्या ठरावासाठी स्वतःचा राष्ट्रीय कृती आराखडा मात्र आजवर केलेला नाही. नेपाळने तो २०११ मध्ये आणि बांगलादेशाने २०१९ मध्ये केला.

अत्याचारांच्या आकडेवारीचा मुद्दाही इथे येतो. लायबेरियात तीन-चतुर्थांश स्त्रियांवर बलात्कार झाला, असे विधान वर्षानुवर्षे अहवालांत आणि लेखांत फिरत राहिले. डारा के कोहेन आणि अमेलिया हूवर ग्रीन या अभ्यासकांनी २०१२ मध्ये दाखवून दिले की मदत मागायला आलेल्या बायकांच्या लहान गटातले प्रमाण साऱ्या देशाला लावले गेले होते. लोकसंख्येच्या पद्धतशीर पाहण्यांत ते बरेच कमी निघते. कमी म्हणजे थोडे नव्हे. फुगवलेल्या आकड्याने निधी येतो, परंतु त्याबरोबर लायबेरियातील प्रत्येक बाई आधी पीडित ठरते. पीडितेला औषध देतात. तिचे मत विचारत नाहीत.

बायका म्हणजे शांततेची मूर्ती, हाही एक सोपा समज आहे. ‘लर्ड’मध्ये स्त्रियांची स्वतंत्र तुकडी लढत होती. सर्लीफ यांनी सुरुवातीच्या काळात टेलरला पाठिंबा दिला होता, आणि त्याबद्दल सत्यशोधन आयोगाने २००९ मध्ये त्यांना तीस वर्षे सार्वजनिक पदांपासून दूर ठेवण्याची शिफारस केली; सर्वोच्च न्यायालयाने अशी बंदी पुढे घटनाबाह्य ठरवली. २०११ चे नोबेल शांतता पारितोषिक सर्लीफ आणि बोवी यांना येमेनच्या तवक्कुल करमान यांच्यासह मिळाले, आणि वर्षभरातच बोवीने सर्लीफ यांच्यावर जाहीर टीका करून सलोख्यासाठी नेमलेल्या समितीचे प्रमुखपद सोडले. स्त्रिया निर्णयात हव्यात त्या अधिक चांगल्या असतात म्हणून नव्हे. निर्णयाचा भार त्यांच्यावर पडतो, म्हणून.

आपल्या जवळचे दाखले या दृष्टीने वाचता येतात. नेपाळात संयुक्त राष्ट्रांनी पडताळलेल्या १९,६०२ माओवादी सैनिकांत ३,८४६ स्त्रिया होत्या. २००६ च्या शांतता करारावर सही करणारी एकही नव्हती. पुढे मृत, बेपत्ता, जखमी आणि विस्थापित यांना तातडीची मदत मिळाली, बलात्कार झालेल्या बायका त्या यादीत बसल्या नाहीत, आणि गुन्ह्यानंतर ३५ दिवसांच्या आत तक्रार करण्याच्या जुन्या अटीने त्यांचा कोर्टाचा रस्ताही बंद राहिला. १९८४ मध्ये स्थापन झालेली नागा मदर्स असोसिएशन अनेक वर्षे सशस्त्र गटांमध्ये मध्यस्थी करत आली आहे. नागालँडच्या विधानसभेत पहिल्या दोन स्त्रिया निवडून आल्या त्या २०२३ मध्ये, राज्य स्थापन झाल्यावर साठ वर्षांनी. आणि गडचिरोलीच्या जंगलातून माओवादी दलम सोडून आलेल्यांत बायकांची संख्या लहान नाही. शरणागतीच्या योजनांत रक्कम ठरते ती पदावर आणि जमा केलेल्या हत्यारावर. जिच्या वाट्याला ना पद आले ना हत्यार, तिच्या पुनर्वसनाचे माप कोणते, हा प्रश्न मन्रोव्हियाइतकाच धानोऱ्याला आणि भामरागडला लागू आहे.

लायबेरियाचा हिशेब अजून पुरा झालेला नाही. टेलरला २०१२ मध्ये पन्नास वर्षांची शिक्षा झाली, ती सिएरा लिओनमधील गुन्ह्यांसाठी. मायदेशातल्या गुन्ह्यांसाठी त्याच्यावर खटला चाललेला नाही. लायबेरियातील बलात्कारासह इतर युद्धगुन्ह्यांबद्दल एका माजी कमांडरला शिक्षा झाली ती स्वित्झर्लंडच्या न्यायालयात, २०२१ मध्ये. संसदेत स्त्रियांचा वाटा अजून दहातल्या एका जागेच्या आसपास घोटाळतो. मे २०२४ मध्ये अध्यक्ष जोसेफ बोआकाई यांनी युद्धगुन्ह्यांसाठी न्यायालय उभारण्याच्या तयारीचे कार्यालय स्थापण्याचा आदेश काढला. हे न्यायालय उभे राहिले तर तिथे साक्षीला येणाऱ्या बायका आता पन्नाशी-साठीच्या असतील, आणि आरोपी त्यांच्याच गावात, कदाचित पुढारी म्हणून, नांदत असेल. साक्षीदाराचे नाव गुप्त ठेवायचे का, साक्ष दिल्यावर ती कुठे राहील, तिच्या घरच्यांना कोण सांभाळील, हे नियम लिहिले जायचे आहेत. ते लिहिणाऱ्यांत त्या बायका आहेत की नाहीत, हे पाहण्याची वेळ आज आहे. नियम छापून झाल्यावर त्यांना दाराबाहेर बसण्यावाचून पर्याय उरणार नाही, आणि दर वेळी दार अडवायला पिढी तयार असतेच असे नाही.